समोरच्या घरातून आलेली ताटली

मंडळी, आज सकाळी सिंगापूरमध्ये, पुंगोलच्या आमच्या इमारतीत, आमच्या मजल्यावर जे घडलं, ते सांगायलाही लाज वाटतेय.

समोरच्या फ्लॅटमधली मलाय शेजारीण, रोझना आंटी, दर ईदला घरी केलेली मिठाई देते. मी हसून 'थँक यू' म्हणते. ती आत गेली की, 'त्यांच्यात काय घालतात कोण जाणे' असं मनात म्हणत सगळं लिफ्टजवळच्या, कचरा थेट खाली जाणाऱ्या चूटमध्ये टाकते. चार वर्षं हेच. एकदाही विचारलं नाही.

आज ताटली माझ्या सात वर्षांच्या मुलीने घेतली. ती सरळ चूटकडे गेली आणि ताटली रिकामी केली. आंटी अजून दारातच उभी होती.

मी ओरडले. पोरगी गोंधळून म्हणाली, "बट मम्मा, यू ऑलवेज डू लाइक धिस!"

आंटी रागावली नाही. "तांदूळ, नारळ, गूळ. बाकी काही नाही," एवढंच इंग्रजीत म्हणाली. ताटली घेतली आणि दार लावलं.

आम्ही बौद्ध. मी मुलीएवढी असताना आईने बुद्धपौर्णिमेची खीर शेजारी दिली होती. तासाभराने ती मागच्या गटारात दिसली. आईने डबा घासला. पुन्हा कधी कुणाला खीर दिली नाही.

दंगलीची बातमी आली की आपण विचारतो, हे विष पेरतं कोण? माझ्या घरात मी पेरलं. मुलीसमोर कुणाला वाईट शब्दही न बोलता.

समोरचं दार अजून बंद आहे. कोणत्या तोंडाने बेल वाजवू, सांगा.