पुरात न गेलेले गठ्ठे

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला माझ्या नोकरीतल्या गोष्टींचा कंटाळा, हे एक निमित्त झालं. खरं कारण वेगळं. आज सांगायचंच म्हणून बसले, आणि बघा — लगेच भलत्याच गोष्टींचा वैताग डोक्यात यायला लागलाय.

वैताग जागेचा. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर पंख्याखाली बसून कादंबऱ्या वाचते. काय सांगायचं? नवी पुस्तकं घ्या म्हणून प्राध्यापक मागं लागतात, पण आपल्या विषयातलं एक जुनं पुस्तक काढून टाकू देत नाहीत, मग ते वर्षानुवर्षं कुणी उघडलेलं का नसेना! आणि घर रंगवायला काढलं की लोकांना दानाची बुद्धी होते. रिक्षा भरून बारावीची गाइडं येऊन पडतात. नको म्हटलं तर सरस्वतीचा अपमान.

त्यात अप्पा आले. जयसिंगपूरचे, हायस्कूलमधून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी आणलेली गाइडं नव्हती, हे मान्य. कुस्तीच्या मैदानांची पत्रकं, गावजत्रांच्या स्मरणिका, सीमेवरच्या गावांतून निघून बंद पडलेली मराठी-कानडी साप्ताहिकं. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या दुकानात पुड्या बांधायला ठेवलेल्या कागदांतून त्यांनी ते आयुष्यभर वेचलं होतं. गठ्ठे स्वतः शिवलेले, वर खाकी पुठ्ठा. आम्ही कार्यक्रम केला. शाल, श्रीफळ, फोटो. ‘अप्पांचा ठेवा आम्ही जिवापाड जपू’ — भाषणातलं हे वाक्य माझं.

मग कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार असं ठरलं. प्राचार्यांना ग्रंथालयात ‘मोकळेपणा’ हवा झाला. संगणकांची रांग, काचेचं पार्टिशन, कुंड्या. अप्पांचं कपाट नेमकं त्याच जागी. बरं, त्या गठ्ठ्यांना ना लेखक, ना प्रकाशक, ना छापील किंमत. पुस्तकांच्या संख्येत ते कुठंच धरले जात नव्हते. समितीला दाखवायचं काय? प्राचार्य म्हणाले, “हे जरा हलवा.” एवढंच म्हणाले. कुठं हलवा, ते नाही.

मागच्या खोलीत जागा करता आली असती. त्यासाठी गाइडं बाद करावी लागली असती, सह्यांसाठी हिंडावं लागलं असतं, प्राध्यापकांशी भांडावं लागलं असतं. मी दमले होते, चिडले होते — पण कोण नसतं? खरं एवढंच, की अप्पांच्या गठ्ठ्यांसाठी भांडणारं तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी भांडले नाही.

रद्दीवाल्याला फोन मीच केला.

झालं सांगून? नाही. एवढंच असतं तर हे मी कधीच बोलून मोकळी झाले असते.

त्या पावसाळ्यात पूर आला. पंचगंगेचं पाणी ग्रंथालयात घोट्यापर्यंत चढलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं भिजली, ती आम्ही पंख्याखाली वाळवली, बहुतेक वाचली. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी अप्पा एका मुलीला घेऊन आले. रूपाली, चंदगडकडची. जुन्या कुस्ती मैदानांवर पीएच.डी. करायची म्हणून ती त्यांना शोधत गेली होती, आणि ते मोठ्या अभिमानानं तिला एसटीनं माझ्याकडं घेऊन आले होते.

“मॅडम, हिला आपलं कपाट दाखवा की.”

आपलं कपाट.

“अप्पा,” माझ्या तोंडून निघून गेलं, “पुरात गेलं हो सगळं.” निघून गेलं म्हणते, पण हेही खोटंच. त्यांना दारात पाहिलं तेव्हाच ते वाक्य माझ्याकडं तयार होतं.

अप्पा खुर्चीत बसले. भिंतीवरची पाण्याची रेघ बघत राहिले. ओरडले असते तर किती बरं झालं असतं! ते म्हणाले, “असू दे. शिरोळकडं लोकांची घरं गेली, जनावरं गेली. कागदाचं काय घेऊन बसलाय? तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” मग मुलीकडं वळून, “बाईंनी जपलंच असतं, पोरी. पाण्याम्होरं कुणाचं चालतंय व्हय?”

ते माझी समजूत काढत होते. आणि मला काय वाटलं, सांगू? राग आला. त्यांच्या चांगुलपणाचा! एवढा विश्वास कशाला ठेवावा माणसानं? गठ्ठे कपाटात वर होते की खाली, एवढं विचारलं असतं तरी मी सापडले असते. घोटाभर पाण्यात अख्खं कपाट कसं जाईल?

पुढच्या आठवड्यात ते परत आले. म्हातारपणी चाळायला म्हणून थोडे गठ्ठे त्यांनी स्वतःजवळ ठेवले होते, ते कापडी पिशवीत घालून. “हे तरी ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. फकस्त वरच्या मजल्यावर ठेवा. घरात ठिवून काय, माझ्या माघारी पोरं रद्दीत घालतील.”

मी पिशवी घेतली. त्यांना चहा पाजला.

रूपालीनं पीएच.डी.चा विषय बदलला. आता ती एका कॉलेजात शिकवते. भेटली की वाकून नमस्कार करते, आणि मी करून घेते. अप्पा गेले. मी जयसिंगपूरला भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा आल्यागेल्याला सांगत होता, की अप्पांनी जन्मभर जमवलेलं पुरानं नेलं, तेव्हापासून ते खचलेच. मी तिथंच सतरंजीवर बसले होते. शेजारची एक बाई पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, “नदीला काय कळतंय, व्हय ना?”

मी हो म्हणाले.