आबांच्या मांडीवर बसवा

चूक आबांची. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ऐकलंत तर तुम्हाला ती माझीच वाटेल.

आबा म्हणजे मुरगूडच्या अलीकडच्या आमच्या गावचे सरपंच. त्यांचा नातू टाय लावून जीपमधून इंग्लिश नर्सरीत जायचा. आणि आमच्या खालच्या वस्तीतल्या बायका उसाच्या भांगलणीला गेल्या की रांगती पोरं जुन्या लुगड्यानं बांधावरच्या झाडाला बांधून ठेवायच्या. माझ्या बहिणीची पिंकीसुद्धा.

ग्रामसभेत मी वस्तीसाठी अंगणवाडी मागितली.

आबा म्हणाले, "कशाला? आमी काय अंगणवाडीत गेलतो? वाढलो न्हाय व्हय?"

"वाढलासा की. नुसतं अंगानं."

सभा हसली. बारावीत कॉलेज सोडलेल्या माणसाला आणि काय पाहिजे? मला चेव चढला. बायकांकडं वळून म्हणालो, "उद्या कामावर जाताना सगळी पोरं चावडीवर आणा. बसवा आबांच्या मांडीवर. संध्याकाळपर्यंत कळंल त्यास्नी."

आता मला सांगा, असलं बोलणं कुणी मनावर घेतं का? बायकांनी घेतलं. सकाळी चावडी पोरांनी भरली. आणि आबा? पंचांना जीपमध्ये कोंबून पहाटेच बिद्रीच्या कारखान्यावर.

माझा बेत होता, गंमत बघायची आणि कोल्हापूरची एसटी धरायची. उद्यमनगरात लेथवर काम मिळालं होतं. पहिलाच दिवस.

"आबा येऊस्तवर तू बघ की," म्हणत बायका निघाल्या. बहिणीनं पिंकीला माझ्या कडेवर दिलं. "मांडी कुणाची का असंना."

एसटी चावडीपुढं थांबली. माझ्या कडेवर पिंकी, पायाला दोघं लोंबकळलेले, एकानं शर्ट भिजवलेला. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "येतोयस, का ह्या समद्यांची तिकिटं फाडू?"

संध्याकाळी आबा परतले. पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती.

"झ्याक सोय झाली की गावाची," आबा पंचांना म्हणाले. "आता अंगणवाडी कशाला पायजे?"

दुसऱ्या दिवशी बायका थेट माझ्या दारात.

खरं सांगू? पोरं मला आवडली. आबांपेक्षा लवकर शिकायची. आणि झाडाला कुणी बांधलेलं नव्हतं.

अंगणवाडी आली, पण दोन पावसाळे गेल्यावर. सरकारी बाई आल्या, त्यांना पोरं 'नवीन बाई' म्हणायची. जुनी बाई मी. आजही चहाच्या गाड्यावर कुणीतरी हाक मारतंच, "बाई, बसा की."

लेथवरची नोकरी पहिल्याच दिवशी गेली.