या कामाचं नसलेलं हाड

बेटगेरीच्या निंगव्वानं जन्मभर इरकल लुगडी विणली. नवरा गेला तेव्हा वीरेश कडेवर होता. दीर म्हणाले, माग विकून टाक. तिनं ऐकलं नाही. त्याच मागावर पोराला वाढवलं, शिकवलं, पोस्टात चिकटवलं. सत्तरी उलटली तरी सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची. सून थांबवायला गेली की म्हणायची, "माग अजून पुरे म्हणत नाही."

एकदा न्हाणीत पाय घसरला आणि ती उजव्या खांद्यावर आदळली. वीरेश तिला गदगला डॉक्टर अण्णिगेरींकडे घेऊन आला. मी तिथं नर्स होते.

त्याआधी त्यांच्याच गल्लीतल्या सूत व्यापाऱ्याची सून गिरिजा स्कूटरवरून पडली होती. तिचाही खांदाच मोडला होता. डॉक्टरांनी दोन लहानसे छेद देऊन आतून धातूची पट्टी सरकवली, स्क्रू बसवले, आणि ती चटकन बरी झाली. तिला देवळात हात उंचावून घंटा वाजवताना निंगव्वानं पाहिलं होतं. वीरेशनं आईसाठी तेच मागितलं.

गिरिजाचं हाड तरुण होतं, तुकडे दोनच, फारसे सरकलेले नाहीत. असल्या मोडीलाच लहान छेद पुरतो. निंगव्वाच्या खांद्याचा गोळा फुटून चार तुकडे झाले होते आणि हाड खारी बिस्किटासारखं ठिसूळ. स्क्रू धरणार कशाला? हात झोळीत ठेवायचा, मग हळूहळू व्यायाम. डोक्यावर जाणार नाही, पण मागावर धोट्याची दोरी ओढण्याइतका हलेल. डॉक्टरांचा विचार असा होता. पण तो त्यांनी मला सांगितला, मागाहून. तिच्यासमोर एक्स-रेवरची नजरसुद्धा काढली नाही.

"हे हाड या कामाचं नाही. झोळी बांधा," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर येऊन निंगव्वा मुलाला म्हणाली, "ऐकलंस? सावकाराच्या घरचं हाड कामाचं, आपलं नाही."

मी मागं धावले, समजावू लागले. वीरेश म्हणाला, "तुम्ही तुमच्या डॉक्टरांचीच बाजू घेणार, सिस्टर."

पेठेत नुकतंच एक चकचकीत हॉस्पिटल निघालं होतं. वीरेशनं आईला तिथं नेलं. तिथला तरुण सर्जन निंगव्वाच्या खाटेवर टेकला, तिचा हात हातात घेतला, लुगड्याच्या काठाची चौकशी केली. "अम्मा, इवलासा छेद. काळजी करू नका," म्हणाला. तिला तो देवमाणूस वाटला. ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत पट्टी दिसलीही झकास.

मग ठिसूळ गोळा खचला आणि स्क्रूंची टोकं सांध्यात घुसली. हात हलवला की आतून करकर व्हायची, ती कळवळायची. सर्जन म्हणत राहिला, होईल कमी. पुढे तो दुसऱ्या गावी निघून गेला.

तेव्हा ती परत आमच्याकडे आली. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू काढले. तोवर सांध्याची वाटी खरवडून गेली होती. कृत्रिम सांधा बसवण्याइतकंही चांगलं हाड उरलं नव्हतं. टाके काढताना ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," निंगव्वा म्हणाली. "बरोबरच सांगितलं होतंत. पण ते तुम्ही हाडाला सांगितलंत, डॉक्टर. तो खोटं बोलला, पण माझ्याशी बोलला."

डॉक्टरांनी हात धुतले.

वीरेशनं माग खोलून लाकूड विकलं. निंगव्वाला जेवायला डावा हात लावावा लागे, ते कुणी पाहू नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसे. डॉक्टर काही बदलले नाहीत. एवढंच झालं, की कुणाला ऑपरेशन नको सांगायचं असलं की मला आत बोलवू लागले. समजावण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी व्यायाम शिकवायला दोनदा तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला, व्यायाम केला नाही. डॉक्टर अण्णिगेरींचं नाव ती काढत नसे. त्या तरुण सर्जनची मात्र चौकशी करायची. लग्न झालं का त्याचं, कुठं असतो आता, विचारायची. वरून म्हणायची, "गुणी पोर होतं हो."