दवाखान्याच्या दिवशीचा पेढा

रोज सकाळी नदीवर रामघाटाला पाय धुऊन, हरसिद्धी देवीचं दर्शन घेऊन भय्यासाहेब परतत, तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा असे. वाटेत जो भेटेल त्याच्या तळहातावर एक पेढा.

"भिया, शुगर है मुझको," नाक्यावरचा रिक्षावाला म्हणायचा.

"परसाद है रे, लगता नहीं," म्हणत भय्यासाहेब त्याला अर्धा मोडून द्यायचे. प्रसाद ते खाण्यात धरत नसत. एकादशीलाही नाही.

वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मुलगा अभिजीत रेल्वेत, बहुतेक बाहेरगावी. घरी सून गौरी, शाळेत शिकवणारी, आणि सहा वर्षांची नात ऋता.

त्या हिवाळ्यात ऋताच्या दोन दाढा किडल्या. एकीच्या मुळाशी पू झाला, गाल सुजला, रात्री ती कळवळून उठायची. गावातल्या फ्रीगंज भागात मुलांचे दात बघणाऱ्या डॉक्टर मृण्मयींकडे तिला नेलं, तर पहिल्या खेपेला ती खुर्चीखाली शिरली आणि दुसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या बोटाला चावली.

"धरून ठेवू हो सगळे, करून टाका," भय्यासाहेब म्हणाले.

"आज धराल काका. पुढे जन्मभर ती कुणापुढे तोंड उघडायची नाही," डॉक्टर बोट चोळत म्हणाल्या. ऋताला हलकी भूल देऊन दोन्ही दाढांचं काम एकाच बैठकीत करायचं ठरलं. आदल्या रात्रीपासून खाणं आणि दूध बंद, असं त्यांनी बजावून सांगितलं.

भूल म्हटल्यावर गौरीचा धीर गेला. मोबाइलवर काहीबाही वाचून ती रात्रभर जागी राहिली. सकाळी सुट्टी टाकून, ऋताला स्वेटर घालून ती निघाली. सोबत भय्यासाहेब.

दवाखान्यात भूल देणारे डॉक्टर आले. तरुण, हळू बोलणारे. नाडी मोजायला बोटाला लावायचा चिमटा त्यांनी आधी ऋताच्या बाहुलीला लावून दाखवला. "काम मृण्मयी मॅडम करतील. मी फक्त हिच्याकडे बघत राहणार, श्वास आणि नाडी. ऑक्सिजन हाताशी आहे," ते गौरीला म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं?"

"काहीच नाही. रात्रीपासून कडक पहारा आहे माझा."

"छान. भुलीत घशाची राखण ढिली पडते. पोटातलं वर आलं तर श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून पोट रिकामं हवं."

भय्यासाहेब कोपऱ्यातल्या बाकावर होते. निघताना गौरी स्कूटरची किल्ली शोधत होती, ऋता दारात उभी होती, आणि पुढे आलेल्या तिच्या हातावर त्यांनी रोजच्यासारखा पेढा ठेवला होता. आज बोललं तर पोरीची आणखी एक रात्र ठणक्यात जाणार. गौरीसमोर मान खाली जाणार. आणि पेढा तो केवढासा.

परिचारिकेनं ऋताचा हात धरला. भय्यासाहेब उठले.

"थांबा. पेढा दिलाय मी तिला. मघाशीच."

"ते खाणं नव्हतं," ऋता म्हणाली. "देवाचा होता."

गौरी सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही देव मध्ये आणलात की माणसानं बोलायचं तरी काय!"

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बाहुलीचा चिमटा काढून ठेवला. "आज नको. बोललात ते बरं केलंत काका. पोटाला देवाचा पेढा वेगळा कळत नाही." मृण्मयींनी दुखण्याचं औषध दिलं आणि दोन दिवसांनंतरची सकाळ ठरवली.

त्या सकाळी भय्यासाहेब घाटावर गेले, दर्शन घेतलं, पण पुडा न घेताच परतले. दाढांचं काम शांतपणे झालं. ऋता डोळे किलकिले करत जागी झाली, तरी डॉक्टर शेजारच्या स्टुलावरून हलले नाहीत. ती नीट बोलू लागली, पाणी प्याली, पोटात ठरलं, तेव्हा कुठे घरी सोडलं. संध्याकाळी गौरीच म्हणाली, "बाबा, जा आता. आणा तिचा पेढा."

तेव्हापासून पेढा देण्याआधी भय्यासाहेब प्रत्येकाला एक प्रश्न विचारू लागले. "आज दवाखाना नाही ना?" रिक्षावाल्यालाही. तो हसायचा, पण तो अर्धा पेढाही घेणं त्यानं सोडलं.

पुढे पाचेक वर्षांनी, गेल्या चैत्रातही, सकाळ अशीच होती. ऋता शाळेला निघाली होती, भय्यासाहेब आरामखुर्चीत टेकले होते. दुपारी झोपेतच ते गेले. सकाळी मात्र त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं आणि ऋतानं हात पुढे करून म्हटलं होतं, "आजोबा, आता तर माझ्या नव्या दाढासुद्धा आल्या. अजून काय विचारता?"

"विचारायला काय जातंय? घे. आणि चूळ भर."