डरकाळी गप्प होते

डरकाळी हे नाव तिला बँडमधल्या पोरांनी दिलं होतं. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये मान खाली घालून कवळ्या घासायची, तोंडातून अवाक्षर नाही. संध्याकाळी मात्र ड्रमरच्या गॅरेजात गिटारी कडाडल्या, की बाईसाहेब नरडं फाडून गायच्या; घरीही तोच सराव चालायचा. गाणी तरी कसली? झोप उडाल्याची, अंघोळीलासुद्धा उठावंसं न वाटण्याची, आरशात स्वतःकडे न बघवण्याची. कार्यक्रम संपला की एखादा दांडगा पोरगा डोळे पुसत यायचा. "ताई, तुमच्या गाण्यानं तरलो." ही हसून मान हलवायची.

आईला एकच काळजी. "चांगल्या घरातली मुलगी, आणि गळा कापल्यासारखी ओरडते! डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग एके दिवशी डरकाळीनं बँड सोडला. कारण विचारलं तर म्हणे, "आवाजच लागत नाही." घरात अशी शांतता पसरली की शेजारीण खास आभार मानायला आली. लेक कामावरून येऊन बुटांसकट पलंगावर बसून राहायची. हातातला घास हातातच राहायचा. आई कौतुकानं म्हणायची, "आली एकदाची ताळ्यावर! बारीकही झालीस, छान दिसतेस."

लॅबमध्ये तिनं एका म्हाताऱ्यासाठी दोन्ही कवळ्या वरच्याच बनवल्या. सगळे पोट धरून हसले. ही मात्र रडायला लागली, ते थांबेचना. मालकानं रिक्षात बसवून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ड्रमर दारात उभा राहिला. आईनं उंबऱ्यातच अडवलं. "तिला पुन्हा नादाला लावू नकोस. सुधारली आहे ती."

"काकू, ती ओरडत होती तोवर मला काळजी नव्हती," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या गाण्यातल्या ओळी साध्या बोलण्यात, सावकाश म्हणून दाखवल्या: 'सकाळ दार ठोठावते, मी घरात नाही असं सांगा.'

आईनं आजवर त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. कानांत बोटं असायची. ती तशीच आत गेली.

"हे सगळं गाण्यात सांगितलंस, मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, आवाज कमी कर."

आई पदरानं पलंगाची कड पुसत बसली. तिथं धूळ नव्हती. संध्याकाळी दोघी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. पहिले काही आठवडे डरकाळी तिथंही गप्पच बसायची आणि आईच अखंड बोलायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवलं. मग गाडी हळूहळू रुळावर आली. मधेच घसरायचीही.

आता ती पुन्हा गॅरेजात गाते. आई कानांत कापूस घालून कोपऱ्यातल्या टायरवर बसते आणि प्रत्येक गाण्यानंतर सूचना करते.

"'काळोख' दोनदा आलाय गं. एकदा पुरे. आणि शब्द नीट उच्चार, काही कळत नाही."

ड्रमर म्हणतो, बँड टिकवायचा तर आधी काकूंना आवरा.