मामेसासऱ्यांचं मेक्सिकन जेवण

जेवायला हॉटेलात जाणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण हॉटेलला आग लागली तर बाहेर कुठून पडायचं हे ठरवून मगच मेनूकार्डाला हात लावणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. नात्याने ते माझे मामेसासरे. तांबड्या समुद्राकाठच्या यान्बू नावाच्या लहानशा शहरात ते एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मामी नाशिकला शाळेत शिकवत, मुलगी मेडिकलला, त्यामुळे मामा तिथे एकटेच. पुढे मलाही त्याच गावात नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मामा आहे तिथे, तुम्हाला काळजी नको." ते खरंच होतं. आमच्या वाट्याची सगळी काळजी मामा स्वतःच करून टाकत.

दर गुरुवारी संध्याकाळी, सुट्टी लागली की, मामा आम्हाला जेवायला बाहेर नेत, आणि नेत ते मेक्सिकन हॉटेलातच. गावात अशी तीन हॉटेलं होती. एक समुद्रावर, एक मॉलमध्ये आणि एक पेट्रोल पंपाला लागून. पहिल्यात केरळचा स्वयंपाकी, दुसऱ्यात फिलिपिनो, तिसऱ्यात सीरियाचा. मेक्सिको तिघांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मामांना त्याचं काही वाटत नसे. टॉर्टियाला ते पोळी म्हणत, बुरिटोला गुंडाळी म्हणत, आणि आतला राजमा जरा कच्चा राहिलाय असं दर वेळी म्हणून सगळं संपवत. पेट्रोल पंपाजवळच्या हॉटेलात मात्र त्यांनी आम्हाला कधी पाऊल टाकू दिलं नाही. "पंपाशेजारी भट्टी," एवढंच ते म्हणत, आणि गाडीचा वेग वाढवत.

एवढी भारतीय हॉटेलं असताना हे मेक्सिकन कशाला, असं मी एकदा विचारलं. ते दिवस सौदीकरणाचे होते. परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस घ्यायचा असा सरकारचा नियम होता, आणि नियम किती पाळला त्यावर कंपन्यांना हिरवे, पिवळे, लाल रंग मिळत. "आपल्या हॉटेलात बसलं की शेजारच्या टेबलावर हेच," मामा म्हणाले. "कुणाची कंपनी लाल झाली, कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडकला, कुणाला घरी पाठवलं. डोसा घशाखाली उतरत नाही. इथे ओळखीचं कुणी येत नाही, त्यामुळे निदान अन्न पचतं."

त्या वेळी हॉटेलात दोन भाग असत, एकट्या पुरुषांचा आणि कुटुंबांचा. मामांना कुटुंबांच्याच भागात बसायचं असे, आणि त्यासाठी कुटुंब लागे, म्हणून आम्ही. कारण विचारलं तर ते धंद्यातलं सांगत: पुरुषांच्या भागाला एकच दार, कुटुंबांच्या भागाला मागेही एक. माझी बायको अस्मिता मात्र हसून म्हणे, "मामाला आमच्या चिऊशी खेळायचं असतं, दाराचं काय घेऊन बसलात." सात वर्षांच्या चिऊला त्यांनी असं तयार केलं होतं की कोणत्याही हॉटेलात शिरल्याबरोबर ती बोट दाखवून म्हणे, "आजोबा, एक्झिट उधर है." मामा तिला शाबासकी देत, भिंतीवरच्या अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का ते वाकून बघत, आणि मग टेबलाभोवतीचा पडदा बाजूला सारून बसत. बायको म्हणे, "मामा, पडदा लाव, लोक बघतात." मामा म्हणत, "बघू देत. पडदा पेट घेतो." तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारा फहिता वेटरने आणला की ते उठून उभे राहत, चिऊची खुर्ची मागे ओढत, आणि धूर खाली बसेपर्यंत वेटरशीही कुणाला बोलू देत नसत.

त्यांचा खरा छळ नमाजाच्या वेळी होई. अजान झाली की हॉटेलवाले शटर खाली ओढत आणि जेवणारी माणसं आतच राहत. सगळे निवांत जेवायचे. मामा मात्र ताट सोडून शटरपाशी जाऊन उभे राहत आणि किल्ली कुणाकडे आहे ते विचारून घेत. किल्लीवाला नमाजाला बसलेला असला तर ते त्याच्या मागे, पुरेसं अंतर राखून, हात बांधून थांबत. शटर उघडलं की परत येऊन गार झालेली गुंडाळी समाधानाने खात.

समुद्रावरच्या हॉटेलात एकदा नवा सौदी कॅशियर लागला होता. त्याने आम्हाला अडवलं. नवरा, बायको, मूल कळलं, हे चौथे कोण, असं त्याचं म्हणणं. मामांनी छातीला हात लावून सांगितलं, "अना खाल." अरबीत आईच्या भावाला खाल म्हणतात, हे त्यांनी कधीतरी पाठ करून ठेवलं असावं. कॅशियर उठून उभा राहिला, त्यांच्याशी हात मिळवला आणि स्वतः आत घेऊन गेला. चिऊला तिच्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत हे भलतंच कळलं. आत बसल्यावर तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही काय खाल?" पुढचे कित्येक दिवस मामा हे ऑफिसात प्रत्येकाला हिंदीत समजावून सांगत होते. हिंदीत त्यातलं काहीच उरत नव्हतं, तरी ते सांगत होते.

याच हॉटेलाच्या मागच्या दाराशी मामांचं वैर होतं. ते दार स्वयंपाकघराशेजारच्या बोळात उघडे, आणि बोळात कोल्ड ड्रिंकचे खोके छतापर्यंत रचलेले असत. मॅनेजर केरळचा, अतिशय गोड माणूस. मामा दर वेळी त्याला खोके दाखवत. तो दर वेळी म्हणे, "कल हटाएगा साब," आणि चिऊला फुकटचं आइस्क्रीम देई. एकदा मामांनी ते आइस्क्रीम परत पाठवलं. चिऊ रडली, तेव्हा त्यांनी दुसरं विकत आणलं. खोके काही हलले नाहीत.

आणि मग जे शेजारच्या टेबलावर चालायचं ते मामांच्या टेबलावर आलं. कंपनीने त्यांच्या हाताखाली फहद नावाचा एक तरुण सौदी दिला. अमेरिकेत शिकलेला, अत्तर लावणारा, रोज थोडा उशिरा येणारा. त्याला वर्षभरात तयार करायचं आणि मग मामांनी घरी जायचं. "सेफ्टी शूज घालतो," मामा पहिल्या आठवड्यात म्हणाले, "पण नाड्या मोकळ्या." तरी शिकवण्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही. भर उन्हात ते त्याला टाक्यांवर चढवत, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी उभं करून प्रश्न विचारत. फहद त्यांना उस्ताज म्हणजे गुरुजी म्हणू लागला. नाड्याही बांधू लागला.

वर्ष संपत आलं तेव्हा मामा एकदा आमच्या घरी आले. अस्मिताने चहा दिला तो तसाच राहिला. मग म्हणाले, "साहेबांनी विचारलंय, मुलगा तयार आहे का. नाही म्हटलं तर मला आणखी एक वर्ष मिळेल." मुलीचं मेडिकलचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मी म्हणालो, "मामा, खोटं कशाला, अजून थोडा वेळ लागेल एवढंच सांगा." मामांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. अस्मिता म्हणाली, "तुला काय वाटतं ते सांग, मामा. आमच्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस."

त्या गुरुवारी मामांनी फहदला समुद्रावरच्या हॉटेलात बोलावलं आणि मलाही सोबत घेतलं. बायका-मुलं नव्हती, म्हणून पहिल्यांदाच आम्ही पुरुषांच्या भागात बसलो. मामा अवघडून बसले होते, सारखे मागे वळून बघत होते. फहद खुर्चीत टेकला, इकडेतिकडे पाहिलं आणि मेनूकार्ड न उघडता म्हणाला, "इथे दुसरं दार नाही का?" मामांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. तो उठून आत गेला. आतून त्याचा शांत, हळू आवाज ऐकू येत होता, आणि पाठोपाठ खोके ओढल्याचा. थोड्या वेळाने तो हात पुसत आला. "आता दार उघडतं," म्हणाला, आणि मेनूकार्ड घेतलं.

मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्या खोक्यांनी त्यांना दाद दिली नव्हती ते या पोराच्या दोन शब्दांत हलले होते. त्यांना आनंद झाला होता आणि लागलंही होतं. ते लपवणं त्यांना जमलं नाही.

फहदच बोलला. "उस्ताज, साहेबांनी तुम्हाला काय विचारलंय ते मला माहीत आहे. मी तयार नाही असं सांगा. मला घाई नाही. तुमची मुलगी डॉक्टर होऊ दे."

मामांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मेनूच्या आधी दार बघणारा माणूस तयार नाही," ते म्हणाले, "असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मग फहिता आला. मामा उठले नाहीत. तव्यावर चर्र आवाज होत राहिला.

मामा दोन महिन्यांनी नाशिकला गेले. मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी मामींनी शाळेनंतर घरी शिकवण्या घेतल्या. तेवढं वर्ष ओढाताणीचं गेलं, पण मुलगी डॉक्टर झाली. सुरुवातीला फहदचा फोन आठवड्यातून दोनतीनदा यायचा. अमुक गॅसचा वास येतोय, तमुक परवानगीवर सही करू का. मामी सांगतात, फोन वाजला की मामा गॅलरीत जायचे आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने इंग्रजीत बोलायचे. मग फोन आठवड्याने येऊ लागला, मग महिन्याने.

गेल्या सुट्टीत आम्ही नाशिकला गेलो तेव्हा मी सहज विचारलं, "फहदचं काय म्हणणं?"

"बरेच महिने झाले, फोन नाही त्याचा," मामा म्हणाले. "म्हणजे त्याला आता काही विचारावं लागत नाही. नीट शिकलाय."

त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, उगाच एकदा उघडून पाहिला आणि चार्जिंगला लावून ठेवला.