तात्यांचा खडू

पत्रे उतरवणाऱ्या आमच्या टोळीत रोज काहीतरी घडतं. जेवणाच्या सुट्टीत त्याचा किस्सा होतो आणि आठवड्याभरात तो दुप्पट लांब होतो. मी आठवीतून शाळा सोडली, चारचौघांत फारसा बोलत नाही. त्यामुळे माझ्याकडचे किस्से अजून मूळ मापाचे आहेत.

चाकणकडच्या जुन्या शेडवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढायचं आमचं काम. पत्रा कच्चा असला की माणूस सरळ खाली. म्हणून आमचे मुकादम, महाळुंग्याचे तात्या, पुढे जाऊन बोटाने टकटक करतात आणि कच्च्या जागी खडूने गोल काढतात. त्या गोलात पाय ठेवायचा नाही. एकदा एका कंपनीचे साहेब फोटोसाठी वर आले. त्यांना वाटलं, गोल आपल्यालाच उभं राहायला आखलाय! तात्यांनी मागून कॉलर धरली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, त्यातनं थेट कँटीनमधी जाल."

या पत्र्यांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ठेकेदाराने जुन्या माणसांचा छातीचा स्कॅन पिंपरीच्या एका हॉस्पिटलात ठरवला. पहिला नंबर आमच्या टोळीतल्या बाळूभाऊंचा. मशीनवाल्या ताई म्हणाल्या, श्वास रोखा. रोखला. मग म्हणाल्या, सोडा. सोडेचनात. पत्रा कापताना श्वास धरायची आमची जुनी सवय, मास्क आत्ता आले. ताई धावत आत गेल्या, तेव्हा बाळूभाऊंनी एक डोळा उघडून विचारलं, "धूळ बसली का?"

तात्या मात्र जायला तयार नव्हते. तीस वर्षं पत्रे कापलेले, वर बिडी. सकाळी त्यांच्या आधी त्यांचा खोकला साइटवर यायचा. भीती एकच, काही निघालं तर आपल्याला वर चढू देणार नाहीत. दोनदा नंबर चुकवला. तिसऱ्यांदा मी खाली बघतच म्हणालो, "तात्या, न वाजवता पत्र्यावर पाय ठेवू देता का आम्हाला?"

त्यांनी हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "लई बोलाया लागलास. चल."

मशीनवर आडवं होण्याआधी तात्यांनी ती फळीही वाजवून बघितली. चांगली हाय, असं ताईंना सांगितलं आणि मगच झोपले.

आठवड्याने रिपोर्टला मीच सोबत गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर फुप्फुस दाखवलं. उजवीकडे बारीक ठिपका आणि त्याभोवती पिवळा गोल. आत्ता घाबरण्यासारखं नाही, तीन महिन्यांनी परत स्कॅन करू, मास्क लावून कामावर जा, पण बिडी आजपासून बंद, असं ते म्हणाले. तात्या पडद्याकडेच बघत होते.

"ह्यो गोल कुणी काढला?"

"मीच," डॉक्टर म्हणाले.

"बेस काढलाय."

दुसऱ्या दिवशी तात्या आमच्या आधी शिडीपाशी हजर. तोंडाला मास्क. शर्टाच्या ज्या खिशात बिडीचं बंडल असायचं, त्या खिशावर खडूचा मोठा गोल होता.